ज्ञानदेवांची नवी आवृत्ती

सापशिडीचा खेळ कोणी शोधून काढला, असा प्रश्न क्विझमध्ये आला तर बिनधास्त ज्ञानेश्वरांचं नाव सांगा. मार्क मिळतील. आपल्याकडे परंपरा तेच सांगते, की तेराव्या शतकात ज्ञानदेवांनी मोक्षपट नावाचा खेळ मांडला आणि त्याचीच पुढे सापशिडी झाली. इतिहासाच्या पेपरात मात्र एवढ्या उत्तरावर भागणार नाही. ज्ञानेश्वरांच्या काळातला एकही पट आज आपल्या हातात नाही. देशातल्या आणि परदेशातल्या संग्रहांत जे जुने पट आहेत, ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. पुण्यातले हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांना डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मोक्षपट मिळाले. डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या याच खेळावर २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. म्हणजे खेळ लहान मुलांचा असला तरी विषय पोरखेळ नाही.

मला मात्र पुराव्यापेक्षा वेगळाच प्रश्न पडला. लोकांनी हा खेळ ज्ञानेश्वरांच्याच नावावर का केला? एवढे मोठमोठे राजे, पंडित, ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्यापैकी कुणाला का नाही दिला? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. त्यांचं आयुष्य म्हणजे नियमांची गोष्ट आहे. नियम कोण करतं, तो मोडला की कोण भोगतं, आणि जुनं पुस्तक न फाडता त्याची नवी आवृत्ती कशी काढायची, याची.

आवृत्ती हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. हॉस्टेलवर जे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात त्यांना तो लगेच कळेल. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्यानंतर आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी नियम बदलले. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत आर्मर क्लासचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम, आणि वार लागला की नाही हे काढायला थॅको नावाची उलटी वजाबाकी. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि सगळं सरळ झालं. वीस बाजूंचा फासा टाका, बोनस मिळवा, समोरच्याचा आकडा गाठला की वार लागला. या असल्या बदलांवर रात्र-रात्र भांडणारी मंडळी आपल्यात आहेत. पण आकडेमोडीपेक्षा महत्त्वाचा नियम दुसराच असतो, तो म्हणजे डावात कोणाला काय बनता येतं. तिकडे मी पुढे येतेच.

आधी ज्ञानदेवांची गोष्ट. ती त्यांच्या जन्माच्या आधीच सुरू होते.

पैठणजवळ आपेगाव आहे. तिथल्या कुलकर्णी घराण्यातले विठ्ठलपंत हे मुळात विरक्त वृत्तीचे. आळंदीच्या सिधोपंतांची मुलगी रुक्मिणी हिच्याशी त्यांचं लग्न झालं. संसारात मन रमेना म्हणून ते काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू तीर्थयात्रेला निघाले असता आळंदीत थांबले. रुक्मिणीने नमस्कार केला, गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग उलगडलं की हिचा नवरा आपलाच शिष्य आहे. गुरूंनी काशीला परतून विठ्ठलपंतांना घरी धाडलं. गुरूची आज्ञा मानून ते पुन्हा गृहस्थ झाले. मग चार मुलं झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ म्हणजे १२७५ सालचा धरतात. काही जण तो चार वर्षं आधीचा मानतात.

इथे नियमांची अडचण झाली. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास ही चार घरं ओळीने पुढे जाणारी. चौथ्या घरातून दुसऱ्यात परत यायची सोय शास्त्रात नव्हती. मग अशा माणसाची मुलं कोण? त्यांचा वर्ण कुठला, आश्रम कुठला, त्यांची मुंज करायची की नाही? कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर या इनपुटसाठी प्रोग्रॅमच लिहिला नव्हता. अशा वेळी यंत्रणा काय करते? एरर देते आणि बाहेर काढते. आळंदीने तेच केलं. या कुटुंबाला वाळीत टाकलं. पोरांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं. ना शेजार, ना भिक्षा, ना मुंज.

मुलांची मुंज व्हावी म्हणून विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदापुढे पदर पसरला. या पापाला प्रायश्चित्त एकच, ते म्हणजे देहान्त, असा निर्णय मिळाला. नवरा-बायकोने तो मानला. मुलांना मागे ठेवून दोघांनी प्रयागला जाऊन नदीत देह टाकला, असं परंपरा सांगते. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चार लहान मुलं, सगळ्यात धाकटी मुक्ताबाई, आणि आईवडील गेले ते कशासाठी, तर आपली मुंज व्हावी म्हणून! इतकं करूनही मुंज झाली नाहीच. पैठणच्या विद्वानांकडून शुद्धिपत्र आणा, असं मुलांना सांगण्यात आलं.

तर आळंदीहून ही चार पोरं पैठणला निघाली. त्या काळी पैठण म्हणजे दक्षिणेतली काशी, धर्मनिर्णयाचं शेवटचं कोर्ट. तिथल्या सभेत काय घडलं याची गोष्ट आपण सगळ्यांनी चौथीत वाचली आहे. सगळ्यांत एकच आत्मा आहे, असं ज्ञानदेव म्हणाले. रस्त्यावरून जाणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवून कुणीतरी त्यांची टर उडवली. आणि मग त्यांनी रेड्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्या तोंडून वेद वदवले. चमत्कार म्हणून ही गोष्ट ज्यांना पटत नाही त्यांनी ती नुसती गोष्ट म्हणून वाचावी. वेद म्हणायचा अधिकार कोणाला, हा वाद चालू आहे. ज्याला अधिकार नाही तो मुलगा स्वतःची बाजू मांडत बसत नाही. तो अधिकार थेट रेड्याला देतो! ज्या लोकांनी ही गोष्ट सातशे वर्षं सांगितली, त्यांना तिच्यातला टोमणा बरोबर कळला होता.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. आईवडील असताना सगळे त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले होते. तिथे वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. गुहेत नाथपंथाचे गहिनीनाथ होते. त्यांनी त्याला दीक्षा दिली, आणि निवृत्तीने ती ज्ञानदेवांना दिली. त्यामुळे ज्ञानेश्वरांचा गुरू म्हणजे त्यांचा सख्खा मोठा भाऊ. गावाने शिकवायचं नाकारलं तेव्हा घरातच शाळा उघडली, असं मला यात दिसतं.

पैठणहून भावंडं नेवाशाला आली. तिथे शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत टीका सांगितली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. गीतेचे श्लोक सातशे, आणि त्यावर ओव्या सुमारे नऊ हजार. ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली असं मानतात तो पैस खांब आजही नेवाशाला आहे. त्या वेळी ज्ञानेश्वरांचं वय पंधरा. दहावीच्या वर्षात आपण गाईडं पाठ करत असतो, त्या वयात!

ज्ञानेश्वरीत शेवटच्या अध्यायात एक विचार येतो. तो वाचल्यावर मला हा लेख लिहावासा वाटला. ज्ञानेश्वर वेदांचं वैभव मान्य करतात, पण त्यांच्यात एक उणीव दाखवतात. वेद तीनच वर्णांच्या कानाला लागले. बायका आणि शूद्र बाहेरच राहिले. हा कंजूषपणा वेदांना स्वतःलाच डाचला, म्हणून सगळ्यांना मिळावं या हेतूने ते गीतेच्या रूपाने पुन्हा आले. बघा, हे आवृत्तीचंच बोलणं आहे! पहिल्या आवृत्तीत प्रवेशाची अट होती, दुसऱ्या आवृत्तीत ती काढली. पण ही दुसरी आवृत्तीही संस्कृतात, म्हणजे पुन्हा मोजक्यांची. मग तिसरी आवृत्ती कोणी काढायची? ती नेवाशाच्या या मुलाने मराठीत काढली. कुठेही जुन्याला शिवी नाही, जाळपोळ नाही. नियमांनी ज्याचे आईवडील नेले, त्याच्या नऊ हजार ओव्यांत सूड सापडत नाही.

आता डी अँड डीकडे वळते. त्या खेळातही अधिकाराचे नियम होते. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा फक्त मनुष्यालाच होता येई. बुटका किंवा एल्फ कितीही सज्जन असला तरी ते दार बंद. मनुष्य सोडून इतर वंशांना बऱ्याच वर्गांत ठरावीक पायरीच्या वर चढता येत नसे. आणि ऐका, स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुष पात्रापेक्षा कमी कमाल मर्यादा होती. ज्या खेळात माणूस आगीचे गोळे फेकतो त्या खेळात मुलीने जास्त वजन उचललेलं चालत नव्हतं! ही स्त्रियांची अट १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. पॅलाडिनची वंशाची अट आणि पायऱ्यांची मर्यादा २००० साली तिसऱ्या आवृत्तीत गेली. पॅलाडिन कायद्याने चालणारा सज्जनच हवा, ही अट २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सुटली. थॅको गेल्याचं दुःख करणारे खूप भेटतात. पण माझ्या मते खरा बदल हा होता.

भाषेची अट मात्र कुठल्याच पुस्तकात छापलेली नसते, तरी ती असते. आमच्या हॉस्टेलवर शनिवारी रात्री डाव बसतो. जालन्याची एक मुलगी तीन शनिवार नुसती बघत बसली. जाडजूड पुस्तक इंग्रजीत, आणि आम्ही कॉन्व्हेंटवाल्या फाडफाड इंग्रजीत खेळणाऱ्या. चौथ्या शनिवारी आमच्या डंजन मास्टरने अख्खा डाव मराठीत चालवला. सेव्हिंग थ्रोचा बचावाचा फासा झाला, इनिशिएटिव्हचा पहिला मान झाला. आणि त्या मुलीने अशी एक सुंता काढून दरोडेखोरांना गंडवलं की आम्ही बघत राहिलो. नियम एकही बदलला नव्हता. फक्त एक खेळाडू वाढली, आणि खेळ बदलला.

मोक्षपटाच्याही अशाच आवृत्त्या आहेत. मूळ कल्पना सगळीकडे एक. खालच्या घरात जन्म, वर मोक्ष. कवड्या किंवा फासे टाकायचे आणि पडेल तेवढी घरं पुढे जायचं. काम, क्रोध, लोभ, मोह अशा दुर्गुणांच्या घरात सापाचं तोंड, दया, भक्ती अशा सद्गुणांच्या घरात शिडीचं बूड. साप गिळतो तेव्हा आपण मरत नाही, खालच्या घरातून पुन्हा सुरुवात करतो. म्हणजे पुनर्जन्म! जुन्या पटांवर साधारणपणे साप जास्त आणि शिड्या कमी असत. बनवणाऱ्याला जगाचा अनुभव होता, असं दिसतं.

पण तपशील पंथाप्रमाणे बदलतात. वैष्णवांचा एक प्रसिद्ध पट ७२ घरांचा, जैनांचा ८४ घरांचा, आणि सूफी मंडळींचाही स्वतःचा पट आहे. ७२ घरांच्या पटात एक भारी नियम आहे. त्यात वैकुंठ शेवटच्या घरात नाही, ६८ व्या घरात आहे. बरोबर तिथेच थांबता आलं तर जिंकलात. जास्त दान पडलं तर वैकुंठ ओलांडून पुढे जाता, आणि हरीश जोहरी यांनी विसाव्या शतकात लीला या नावाने मांडलेल्या पटात ७२ व्या घरात तमोगुणाचा साप बसलेला आहे. तो थेट ५१ व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. मोक्षाच्याही पुढे जायची घाई झाली की तमोगुण गिळतो, हे ज्याला सुचलं त्याला सलाम.

मग खेळ इंग्लंडला गेला. १८९२ मध्ये लंडनच्या एफ. एच. आयर्स या खेळणीवाल्याने त्याची नोंदणी केली. तिथे साप आणि शिड्या सारख्या संख्येने दिसू लागल्या. वैकुंठ गेलं, पुनर्जन्म गेला. काही दिवस काटकसर, कष्ट असे गुण टिकले, नंतर तेही गेले. १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडलीने सापही काढले आणि मुलांना घाबरवायला नको म्हणून घसरगुंड्या घातल्या. आपण लहानपणी खेळलो ती सापशिडी म्हणजे शंभर नुसते आकडे. आता तिचं मार्कोव्ह चेनने गणित मांडता येतं. घसरगुंड्यांच्या त्या पटावर एका खेळाडूला शंभरावर पोचायला सरासरी ३९ च्या आसपास चाली लागतात. पण का पोचायचं, ते गणितात येत नाही. घरांची नावं पुसली गेली तेव्हाच ते गेलं.

ज्ञानेश्वरीनंतर ज्ञानदेवांनी अमृतानुभव लिहिला. ज्ञानेश्वरीला गीतेचा आधार होता, इथे आधार फक्त स्वतःच्या अनुभवाचा. मग चांगदेवांची भेट झाली. हे योगी चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आले, अशी कथा आहे. भावंडं भिंतीवर बसली होती, तर भिंतच चालत सामोरी गेली. त्याआधी चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं होतं, कारण एवढ्या लहान मुलाला मायना काय लिहावा तेच त्यांना कळेना. ज्ञानदेवांनी उत्तर म्हणून ६५ ओव्या लिहिल्या. तीच चांगदेव पासष्टी. आणि चांगदेवांनी शेवटी गुरू केलं ते मुक्ताबाईला. वय, लिंग, पायरी, सगळ्या अटी एका झटक्यात उडाल्या.

पुढे नामदेवांबरोबर तीर्थयात्रा झाली. ज्ञानेश्वरांच्या आयुष्याची बरीच माहिती आपल्याला नामदेवांच्या नावावरच्या आदि, तीर्थावळी आणि समाधी या अभंगांतून मिळते. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखामेळा महार, आणि नामदेवांच्या घरची दासी जनाबाई. एका पटाभोवती एवढी माणसं त्याआधी बसली नव्हती. आणि प्रत्येकाने आपापली ओळ स्वतः रचली.

१२९६ हे साल महाराष्ट्रावर उलटं पडलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली, रामदेवराव यादवाचं वैभव गेलं. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला इंद्रायणीकाठी ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली. वय एकवीस. मी आता वीस वर्षांची आहे, म्हणून हा आकडा मला बोचतो. काही महिन्यांतच सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला गेले. संन्याशाची चार पोरं, चार दिशांना चार तीर्थं झाली.

माणूस गेला, पण पुस्तकाचं काय? हातांनी नकला होत गेल्या, आणि नकलणाऱ्यांनी आपापल्या ओव्या घुसडल्या. आपण ज्याला हाउस रूल म्हणतो तेच. तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, पैठणच्याच एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे यात कोणी भर घालू नये अशी ताकीद दिली. ज्या पैठणात या मुलांना शुद्धिपत्र मागावं लागलं, त्याच पैठणच्या पंडिताने त्यांच्या ग्रंथाची शुद्ध प्रत केली! १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली आणि पुन्हा वाद सुरू झाले, कुठली ओवी मूळ, कुठली मागाहूनची. थॅकोवाल्यांनी नाराज होऊ नये, पण भांडावं तर असं.

एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा होईल. नवी आवृत्ती निघाली म्हणून सगळे त्या नियमांनी खेळायला लागतात असं नाही. चोखामेळा ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात होते, पण पंढरपूरच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आहे ती महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. ते देऊळ दलितांना उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. ज्ञानदेव गेल्यानंतर साडेसहाशे वर्षांनी! पुस्तक बदलायला एका मुलाला काही महिने लागले असतील. डाव बदलायला एवढी वर्षं लागली.

म्हणून मला वाटतं, लोकांनी मोक्षपट ज्ञानदेवांना दिला तो योग्यच केला, मग पुरावा सापडो की न सापडो. त्या पटावर राजा असो की रंक, सगळे पहिल्या घरातूनच सुरू करतात. कवडी कुणाची जात विचारत नाही. आणि साप मारायचा नियम कुठल्याच आवृत्तीत नाही. डी अँड डीत समोर राक्षस आला की तलवार उपसतात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात मात्र दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा तेवढा जावा आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी, एवढंच मागितलं आहे. जन्मल्याबरोबर सापाने गिळलेल्या मुलाने हे मागितलं. शिडीची सोय त्याने आपल्या पुरती केली नाही, मागून येणाऱ्या सगळ्यांसाठी ती लावून ठेवली.